पऱ्हाट्यांचा रस्ता

अकोल्याहून निघालो तो पोळ्यानंतरचा तिसरा दिवस. वाटेत भेटणाऱ्या बैलांच्या शिंगांवर रंग आणि बेगड अजून टिकून होते. आमची गाडी म्हणजे रेंगी (दोन-तीन माणसे बसतील अशी, वर कमानीचे छत असलेली हलकी बैलगाडी). ती हाकणारे रहेमानमियाँ अकोल्याचेच, पन्नाशीचे, पांढऱ्या दाढीचे आणि बैलांशी माणसांपेक्षा अधिक बोलणारे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, सडकेच्या कामावर मोजणी कारकून. आगगाडीचा रूळ अजून अकोल्याला पोचला नव्हता. अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि त्यामुळे वऱ्हाडाच्या कापसाला असा भाव आला होता की जो तो सडकेची वाट पाहत होता.

साहेबांचा हुकूम मोजका होता. अकोल्यापासून अमरावतीवरून परतवाड्यापर्यंत जायचे, पावसाने नवी सडक कोठे खचली ते लिहून आणायचे. दिवाळीनंतर कापूस निघेल तेव्हा एकही गाडी अडता कामा नये.

हे मी साताऱ्याच्या मंडळींसाठी लिहितो आहे. आपल्याकडे जमीन खणली की दगड लागतो, आणि सडक करायची म्हणजे वाटेतला दगड काढायचा. वऱ्हाडात उलटे. कोसच्या कोस काळी माती, आणि त्यात लिंबाएवढा खडा सापडायचा नाही. ती माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की काठी आत जाते, आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. पहिल्याच मुक्कामाच्या आधी मी ऐटीत गाडीतून उतरलो, सडकेच्या कडेचा भराव पाहायला चार पावले गेलो, आणि उजवा पाय वर आला तो जोड्याशिवाय. पुढची घटकाभर मी कोपरापर्यंत हात घालून तो जोडा शोधत होतो.

"राहू द्या, पंत," रहेमानमियाँ गाडीच्या धुरेवर बसून म्हणाले. "कायी माती (काळी माती) घेतलेलं वापस देत नाई. दुसरा बी काढून ठेवा, नाईतं एकटाच राहीन बिचारा."

जोडा मिळाला नाही. तिथून परतवाड्यापर्यंत मी अनवाणी गेलो.

सडक मात्र पाहण्यासारखी होती. दोन्ही बाजूंना गुडघाभर कापूस, पिवळी फुले नुकती उघडू लागलेली, आणि मधून लाल मुरमाची पट्टी सरळ पुढे गेलेली. गंमत अशी की तिच्यावर गाडी क्वचितच दिसे. गाडीवाले सडकेच्या खालून, जुन्या गाडवाटेने, चिखल तुडवीत जात. मला राग आला. एवढ्या मेहनतीने केलेली सडक टाकून हे चिखलात का जातात?

"नवी खडी टोचते ना खुरीले," रहेमानमियाँनी सांगितले. "बैलाले काय मालूम सरकारी सडक कोन्ती? त्याले आपला पाय मालूम."

मी ते वहीत लिहून घेतले. खडीवर मुरूम अधिक घालून धुमसाने ठोकून घ्यावा, अशी सूचनाही लिहिली. पुढे ती मान्य झाली. नोकरीत मी केलेल्या सूचनांपैकी खरी उपयोगी ती एकच, आणि ती रहेमानमियाँची होती.

मूर्तिजापूरला मुक्काम एका शेतकऱ्याच्या ओसरीवर झाला. घरच्या बाईने ज्वारीच्या कण्या (भरडून शिजवलेली ज्वारी), ताक आणि अंबाडीची आंबट भाजी वाढली. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आले. यजमान म्हणाले, "कावून गा (का हो), घरची आठवण आली काय?" त्यावर सगळी ओसरी हसली. त्या हसण्यात परकेपणा नव्हता. वऱ्हाडी बोली पुणे-साताऱ्याच्या कानाला आधी उद्धट वाटते. दोन दिवसांत कळते की तिच्यात फक्त आडपडदा नाही.

तिसऱ्या दिवशी अमरावती. पावसामुळे कापसाचा बाजार ओस पडला होता, पण गावात जिकडेतिकडे नवे बांधकाम, नवी कवाडे, नवा रंग. कोणी सांगे, अमक्या पाटलाने गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. मी दोन दिवस चाकेच पाहत फिरलो. मला लोखंडाच्याच दिसल्या.

तिथून परतवाड्याच्या वाटेला लागलो, आणि वलगावच्या पुढे ती बाई भेटली.

ती सडकेने एकटी चालली होती. विटके लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, डोक्यावर गाठोडे, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले. गाडी जवळ येताच ती कडेला झाली नाही. मध्ये उभी राहिली.

"दादा, कुठलोक जाता?"

"परतवाड्याला."

"मंग मले आसेगावच्या अलीकडे सोडा. पोरगी हाय माही तिथं."

सरकारी कामाच्या गाडीत कोणाला घेऊ नये असा नियम होता. मी तो सांगितला. तिने ऐकून घेतला, मान हलवली आणि पुन्हा चालू लागली. गाडी तिच्या मागून चालली होती आणि मला तिची भेगाळलेली टाच दिसत होती. शंभर पावलांवर रहेमानमियाँनी आपण होऊन बैल थांबवले. "पंत," ते म्हणाले, "हुकूम साहेबाचा तुमाले हाय. बैल माहे हाय." मी सरकून जागा केली. बाई गाडीत चढली.

तिचे नाव सगुणाबाई. कुणब्याची बाई, पाच वर्षांपासून विधवा, वलगावजवळ थोडी जमीन. एकच मुलगी, यमुनी. तिला गेल्या वर्षीच्या वैशाखात आसेगावकडे दिली. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, म्हणून सगुणाबाईने आषाढात गाडी पाठवली होती. गाडी अर्ध्या वाटेवर रुतली, बैलाचा पाय मुरगळला, माणसे परत आली. त्यानंतर काही खबर नाही. काल एका गुराख्याने सांगावा आणला की यमुनीच्या अंगावर सूज आहे, दिवस भरले आहेत आणि ती कोणाशी बोलत नाही.

"आठ कोस हाय फक्त," सगुणाबाई म्हणाली. "पन मृग लागला का पोरगी मेली का जित्ती, दसऱ्यालोक समजत नाई. देतानी मी म्हटलं होतं, जवळच देऊन राहिलो. जवळ कायचं, दादा? उन्हाळ्यात जवळ."

ती हे रडत सांगत नव्हती. तुरीचा भाव सांगावा तसे सांगत होती. मी विचारले, "तुमच्या गाडीचे बैल रुतले ते नेमके कोठे?"

"धामणखेडच्या सखलात. तिथं सडक नाई ना."

तो तुकडा मला चांगला ठाऊक होता. गेल्या हिवाळ्यात साहेबांच्या टेबलावर नकाशा पसरला होता. मुरूम वाहणाऱ्या गाड्या थोड्या होत्या, पावसापूर्वी दोनपैकी एकच तुकडा पुरा होणार होता. एक बडनेऱ्याकडचा, जिथून कापूस जातो. दुसरा धामणखेडचा, अर्ध्या कोसाचा. साहेबांनी मला विचारले आणि मी क्षणाचाही विचार न करता बडनेऱ्यावर बोट ठेवले. धामणखेडचा तुकडा नकाशावर माझ्या बोटाच्या पेराएवढाही नव्हता. "हा राहिला तर कोणाचे अडत नाही," असे मी म्हणालो होतो. ते शब्द मला जसेच्या तसे आठवले.

सगुणाबाईला मी ते सांगितले नाही.

दुपारी आम्ही तिथे पोचलो. मुरूम संपला, आणि पुढे नुसता मातीचा भराव. सुरुवातीला चाके कशीबशी चालली. मग जमीन उतरू लागली आणि सखल भागात, जिथे दोन-तीनशे पावले पाणी आणि माती एकच झाली होती, तिथे गाडी चाकांच्या आखापर्यंत बसली. बैल पोटापर्यंत गेले. रहेमानमियाँनी चाबूक बाजूला टाकला, स्वतः उतरले आणि बैलांच्या माना सोडवल्या.

भरावाच्या वरच्या टोकाला वडारांचे पाल होते. सडकेच्या दुरुस्तीसाठी पावसाळाभर ठेवलेली ती टोळी. त्यांचा नाईक यल्लाप्पा मला ओळखत होता. तो आला, चिखलात पहार खुपसून पाहिली, ती हातभर आत गेली.

"मुरूम नाही," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "टेकडी दोन कोस. गाढव पण येत नाही आता. आमच्या मुलखात चिखलावर शिंदीचे फाटे टाकतो. इथे झाड कुठे?"

मी सगुणाबाईला म्हणालो, "मावशी, पलीकडे घट्ट जमीन आहे. वडारांपैकी दोघे तुम्हाला हात धरून नेतील. तिथून चालत जा."

"मी तं जाईन, दादा. चिखलातूनच आली. पन पोरीले आनाव लागलं तं कशी आनू? पाठीवर?" ती बोलता बोलता धामणखेडकडे पाहत होती. गाव हाकेच्या अंतरावर, जरा उंचावर. घराघराच्या बाजूला पऱ्हाट्यांच्या (कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवलेल्या झाडांच्या) गंज्या रचलेल्या. वऱ्हाडात रान नाही. पावसाळाभर चुली त्यांवरच पेटतात. "यल्लाप्पा, पऱ्हाट्या चालन का?"

यल्लाप्पाने गंज्यांकडे पाहिले, मग तिच्याकडे. "चालतील. लांब नाही, आडव्या टाकायच्या. पण देणार कोण?"

ती गावाकडे निघाली. मीही मागे गेलो, कारण मला वाटले सरकारी माणूस पाहून गाव ऐकेल. तिथे माझा काही उपयोग झाला नाही. पुरुष निंदणीला गेलेले, पारावर दोन म्हातारे. सगुणाबाईने बायांनाच गाठले. सात-आठ जणी जमल्या. तिने आपले काम सांगितले. त्यांतली एक उंच, काटक बाई पुढे आली. अनसूया असे तिचे नाव, ते पुढे कळले.

"भारे देल्ले, अन् पाऊस लागून राहिला तं चूल काहाची पेटवू वं? तुह्या पोरीचं आयकून भाकरी शिजन काय?"

बोलणे खोटे नव्हते. मी पुढे होऊन सरकारातून भरपाई मागून पाहीन असे काहीतरी म्हणू लागलो, तर सगुणाबाईने माझ्याकडे न पाहताच हाताने मला थांबवले. तिने अनसूयेला विचारले,

"तुह्यं माहेर कुठचं वं, माय?"

"वलगावपल्याड."

"मंग या सखलातूनच वाट तुही. केव्हा गेली होती?"

अनसूया सखलाकडे पाहू लागली. शेजारची म्हणाली, "मृगाच्या आंधी. तिची माय आंथरुणाले खिळली हाय. दोन सांगावे आले."

सगुणाबाई तशीच उभी राहिली. अनसूया आत गेली. मला वाटले, संपले. ती बाहेर आली ती पदर खोचून, आणि सरळ गंजीकडे जाऊन तिने पहिला भारा ओढला. "घ्या वं," ती बाकीच्यांना म्हणाली. "पाहून काय राहिल्या?"

मग जे झाले ते मी पुन्हा कधी पाहिले नाही. बाया डोक्यावर भारे घेऊन रांगेने उतरू लागल्या. वडार चिखलात उभे राहून ते आडवे पसरत, पायांनी दाबत, वर पालापाशी फोडून ठेवलेल्या खडीची एखादी पाटी टाकत. भारे पुरत नव्हते, म्हणून गाडी पुढे सरकली की मागचे उचलून पुढे आणायचे. मीही उचलले. काटक्यांनी हात सोलून निघाले, वही चिखलात पडली, शाईची दौत सांडून सदरा निळा झाला. रहेमानमियाँ पुन्हा जुंपलेल्या बैलांच्या कानाशी लागून "चल बेटा, चल राजा" करत होते, आणि दर दहा पावलांना बाया एकसुरात ओरडून चाकाला रेटा देत होत्या. ऊन कलले तेव्हा पुढची चाकोरी कडक लागली. कोणी जयजयकार केला नाही. अनसूयेने चिखलाचे हात कपाशीच्या पानांना पुसले आणि म्हणाली, "जा आता, अंधार पडाच्या आंत पोच."

दिवेलागणीला आम्ही यमुनीच्या सासरी पोचलो. दारातच सुईण बसली होती. दोन दिवसांपासून कळा होत्या. सगुणाबाई पाय न धुताच आत गेली. आतून एका मुलीचा आवाज आला, "माय वं!" एवढेच मी ऐकले. सकाळी मी निघेपर्यंत आतून कोणी बाहेर आले नव्हते. मी निरोप ठेवला की पाचव्या दिवशी परत येईन. रहेमानमियाँ आणि रेंगी तिथेच ठेवली, डोंग्यातून (छोट्या होडीतून) पूर्णा नदी ओलांडली आणि पलीकडे भाड्याचे तट्टू घेऊन परतवाडा गाठला.

परतवाड्याला सातपुडा अंगावर येतो. पावसाने धुतलेले हिरवे डोंगर, छावणीचा बाजार, मेळघाटातून उतरलेले लाकूड, मध आणि मोहाची फुले. ओढ्यात जिकडे पाहावे तिकडे दगड. मी त्या दगडांकडे पाहत राहिलो. सडकेची मापे घेतली, नोंदी केल्या, पण त्या गावाची माझी आठवण एवढीच: सोळा कोसांच्या आत इतका दगड पडला होता आणि धामणखेडला खडीची एकेक पाटी मोजून टाकावी लागत होती.

पाचव्या दिवशी परतलो. सगुणाबाई दारात उभी होती.

"लेकरू नाई राह्यलं, दादा," ती म्हणाली. "पोरगी राह्यली."

रहेमानमियाँनी दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटले. यमुनीच्या सासूने स्वतः रेंगीत गवत आणि त्यावर वाकळ अंथरली, आणि मुलीला उचलून ठेवले. सोळा-सतरा वर्षांची पोर, घोंगडीत गुंडाळलेली, डोळे मोठे झालेले. मी गाडीच्या मागून चालू लागलो.

धामणखेडच्या सखलात पोचलो तर पऱ्हाट्या आम्ही टाकल्या होत्या त्यापेक्षा दुप्पट झाल्या होत्या. आमच्यानंतर आणखी गाड्या गेल्या होत्या, आणि ज्याने त्याने आपला भारा टाकला होता. गाडी पाहून बाया खाली आल्या. अनसूयेने छताखाली डोकावून पाहिले. यमुनीच्या कुशीत मूल नव्हते. गाडीचा कठडा धरून अनसूया पूर्ण सखल संपेपर्यंत बरोबर चालत आली, गचका बसू नये म्हणून गाडी सावरत. मग धावत घरी गेली आणि एक लहान गाठोडे घेऊन परत आली.

"मले बी घ्या," ती मला म्हणाली. "मायले पाहून येतो."

मी नियम सांगितला नाही.

अमरावतीला आल्यावर मी तिथे मुक्कामाला आलेल्या साहेबांपुढे उभा राहिलो आणि धामणखेडचा तुकडा दसऱ्यापूर्वी पुरा करावा अशी विनंती केली. साहेब सभ्य माणूस, पण कामाचा. त्यांनी विचारले, "तिकडचा कापूस दिवाळीनंतर निघतो. त्याआधी या सडकेने कोण जाते?"

"लेकी जातात, साहेब."

त्यांना मराठी बरे येत होते, तरी त्यांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला. मग मी सगळे सांगितले. हिवाळ्यात बडनेऱ्यावर बोट मीच ठेवले होते, तेही. साहेबांनी नकाशा पुढे ओढला. मग त्यांनी बडनेऱ्याकडे दुरुस्तीचा मुरूम वाहणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या धामणखेडला वळवल्या. यल्लाप्पाच्या टोळीने दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचा मुरूम ठोकला.

पुढच्या आषाढात पुन्हा त्या वाटेने गेलो. रहेमानमियाँच होते. पाऊस लागलेला होता, शेतांत पाणी, आणि सडकेवरून छताच्या गाड्या चालल्या होत्या. वलगावला सगुणाबाईच्या घरी थांबलो. दाराला कडी. शेजारीण शेण थापत होती, ती मान वर न करता म्हणाली, "ते नाई घरी. यमुनीले घेवाले गेली, दिवस गेले हाय ना तिले. परवा गेली. चार रोजानं येईन."

आषाढाच्या पावसात, आठ कोस, चार रोजात येईल. हे त्या बाईने असे सांगितले की जणू सगुणाबाई विहिरीवर पाणी आणायला गेली आहे. रहेमानमियाँ माझ्याकडे पाहून हसले. आम्ही थांबलो नाही. वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते.

वर्षभराने माझी बदली झाली आणि मी साताऱ्याला परतलो. कापसाचा भाव पडला, आगगाडी आली. अमरावतीच्या नव्या कवाडांपैकी किती टिकली, देव जाणे. रहेमानमियाँ गेल्याचे पत्र मला उशिरा मिळाले. आज पंचवीस वर्षांनी पाऊस लागला की मला तो मुलूख आठवतो. ती मूर्तिजापूरची ओसरी, तो ठेचा, ते तोडून बोलणारे आणि न मागता देणारे लोक. मी पुढे बरीच कामे केली, घाट फोडले, पूल पाहिले. पण कोणी विचारले की तुम्ही कोणती सडक केली, तर मी धामणखेडचा अर्धा कोस सांगतो. ती मी केली नव्हती हे मला माहीत आहे. त्या सडकेवरचे पहिले भारे मी नुसते उचलून पुढे नेले होते.